मेपलचा पाक आणि व्हिस्कीचा पेला

इ. स. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात, १९ तारखेस, फिलाडेल्फिया शहरातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी या विद्वत्सभेपुढे एक निबंध वाचण्यात आला. निबंधाचे कर्ते डॉक्टर बेंजामिन रश हे त्या शहरातील नामांकित वैद्य असून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एक होते. निबंध पत्ररूप होता व तो त्या वेळचे परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांस उद्देशून लिहिलेला होता. विषय राजकारणाचा नव्हता, की वैद्यकाचाही नव्हता. तो होता उत्तरेकडील अरण्यात वाढणाऱ्या मेपल नावाच्या झाडाचा. या झाडाच्या रसापासून साखर होते. ती मुबलक केली तर वेस्ट इंडीज बेटांत गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या उसाच्या साखरेची गरज उरणार नाही, आणि गरज उरली नाही म्हणजे गुलामगिरीचा पायाच खचेल, अशी त्या लेखनामागील दृष्टी होती. मेपलच्या रसाचे नाना उपयोग सांगत असता रश यांनी एक गोष्ट जाता जाता नमूद केली. या रसापासून मद्यही काढता येते; परंतु आपले नागरिक या अमोल रसास असल्या हीन कामी कधी लावणार नाहीत, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

ही आशा फळास आली नाही. आज अमेरिकेत व कॅनडात व्हिस्कीच्या पेल्यात मेपलचा पाक घालण्याची रीत चांगलीच रुळली आहे. साठ मिलिलिटर व्हिस्की, चहाचा एक चमचा मेपलचा पाक, कडू अर्काचे दोन शिंतोडे, बर्फाचा एक मोठा खडा, आणि वरून संत्र्याच्या सालीचा पिळा, असा हा साधा पाठ आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मद्याचा विषय निघत नाही, आणि तो निघावा अशी आमचीही इच्छा नाही. परंतु या पेल्यातील प्रत्येक जिन्नसास स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यांपैकी सर्वांत सौम्य व निरुपद्रवी दिसणारा जो मेपलचा पाक, त्याच्यावर एके काळी फार मोठ्या आशेचे ओझे घातले होते. बाजारातील एक वस्तू बदलून जगातील एक अन्याय नाहीसा करता येतो काय, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर काय मिळाले, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम हे झाड व हा पाक यांची ओळख करून घेऊ. साखरेचा मेपल हा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील वृक्ष होय. हिवाळा सरत आला, रात्री पाणी गोठू लागले व दिवसा वितळू लागले, म्हणजे या झाडाच्या खोडात रसाला दाब येतो. अशा वेळी खोडास भोक पाडून त्यात लहानशी नळी बसविली की रस थेंबथेंब गळू लागतो. हा हंगाम चार-सहा आठवड्यांचाच. झाडास कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते व काम थांबवावे लागते. रस दिसावयास पाण्यासारखा असतो. त्याच्या शंभर भागांत साखर जेमतेम दोन भाग; म्हणून सुमारे चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा गॅलनभर पाक हाती लागतो. आपल्याकडील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांस काहील, चुलवण आणि काकवी यांवरून या उद्योगाची कल्पना सहज येईल. फरक एवढाच की उसाच्या रसात मुळातच साखर पुष्कळ पट अधिक असते. मेपलच्या रसातील बहुतेक सर्व पाणी उडवून द्यावे लागते, व त्यासाठी सरपण अतोनात लागते. मेपलच्या पाकाची जी विशिष्ट चव व तांबूस रंग, ती बव्हंशी आटविण्याच्या आचेतूनच उत्पन्न होतात.

ही विद्या गोऱ्या लोकांची नव्हे. ओजिब्वे, अबेनाकी, इरोक्वा इत्यादी मूळच्या रहिवाशांस या रसाचे गोड गुण गोऱ्यांच्या आगमनापूर्वीपासून ठाऊक होते. भूर्जाच्या सालीची भांडी करून त्यांत ते रस धरीत व साखर साठवीत. ओजिब्वे लोकांच्या भाषेत तर एका महिन्याचे नावच रस आटविण्यावरून पडलेले आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी हे सर्व त्यांच्यापासून उचलले व त्यास लोखंडी कढयांची जोड दिली. अशा रीतीने अठराव्या शतकात अरण्य तोडून नवी वस्ती करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी मेपलची साखर ही वर्षाची बेगमी होऊन बसली होती.

परंतु शहरांत खपणारी साखर वेगळी होती. ती वेस्ट इंडीज बेटांतून येई. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लक्षावधी माणसांच्या देहावर हा उद्योग उभा होता. ऊस तोडणे, तो लगेच चरकात घालणे, रस रात्रंदिवस आटविणे, ही कामे इतकी जीवघेणी होती की त्या मळ्यांतून मृत्यूचे प्रमाण जन्माहून अधिक असे, आणि तुटवडा भरून काढण्यास जहाजांतून नवे गुलाम येत. साखरेमागून जी मळी उरे, ती न्यू इंग्लंडमधील बंदरांत जाई व तेथे तिची रम नावाची दारू गाळीत. या मळीच्या व्यापाराला वेसण घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७३३ मध्ये व पुन्हा १७६४ मध्ये कायदे केले, आणि त्यांवरून उसळलेला असंतोष अमेरिकन क्रांतीच्या कारणांपैकी एक ठरला. सारांश, त्या काळच्या अमेरिकन माणसाच्या चहातील गोडी काय किंवा पेल्यातील रम काय, दोहोंचे मूळ एकाच मळ्यात होते.

या साखळीतून सुटण्याचा मार्ग मेपलच्या झाडात आहे, असे प्रथम उत्साहाने मानणाऱ्यांत फिलाडेल्फियाचे क्वेकर पंथीय व्यापारी अग्रभागी होते. हेन्री ड्रिंकर हे त्यांपैकी एक. न्यूयॉर्क प्रांतात कूपर्सटाउन हे गाव वसविणारे विल्यम कूपर यांनी त्यांच्याशी संगनमत करून आपल्या वसाहतीतील शेतकऱ्यांस काहिली पुरविल्या व साखर फिलाडेल्फियास पाठविली. याच कूपर यांचे पुत्र कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर. त्यांच्या १८२३ सालच्या ‘द पायोनियर्स’ या कादंबरीत मेपलची साखर करण्याचे वर्णन आले आहे. जेफरसन यांनी १७९० मध्ये ही साखर घरी विकत घेतली, आणि त्याच वर्षी एका इंग्रज स्नेह्यास लिहिताना, काळ्या लोकांची गुलामगिरी जिच्यासाठी अपरिहार्य म्हणतात त्या साखरेच्या जागी मुलाबाळांच्या हलक्या श्रमाने होणारी साखर आली तर केवढे कल्याण होईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढच्या वर्षी त्यांनी लाँग आयलंडवरील एका रोपवाटिकेतून मेपलची साठ रोपे मागवून आपल्या माँटिचेलो येथील मळ्यात लावली.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल व ती यथार्थ आहे. ज्या माँटिचेलोच्या भूमीत ही रोपे लागली, ती भूमी गुलामच कशीत होते. जेफरसन यांच्या आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. प्रत्यक्ष रश यांच्या घरीही त्या काळी विल्यम नावाचा एक गुलाम होता. या थोर पुरुषांस ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने काही उलगडत नाही. त्यांच्या विचारातील खरी उणीव अशी की, आपल्या दाराशी असलेल्या गुलामाला मोकळे करणे हा जो सरळ उपाय, तो त्यांस अवघड वाटत होता, आणि दूर बेटांतील गुलामाला झाडाच्या रसाने मोकळे करणे हा जो आडवळणाचा उपाय, तो सुलभ वाटत होता. खाणाऱ्याने आपली साखर बदलावी, म्हणजे कोणाच्या मालमत्तेस धक्का न लागता अन्याय आपोआप विरघळून जाईल, असा तो हिशेब होता.

असाच हिशेब त्याच वर्षी इंग्लंडात मांडला जात होता. १७९१ च्या एप्रिलमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटने फेटाळल्यावर विल्यम फॉक्स यांनी एक पुस्तिका लिहून वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करण्याचे आवाहन केले. गुलामगिरीचे कट्टे विरोधक टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे तीन लाख माणसांनी ती साखर सोडली. चहाचा पेला घरातील स्त्रियांच्या हाती असल्यामुळे, मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांस या चळवळीत स्वतःचा शब्द मिळाला, ही तिची मोठीच कमाई होय. या चळवळीचा एक धागा आपल्या देशाशी येऊन पोहोचतो. वेस्ट इंडीजच्या साखरेऐवजी हिंदुस्थानातून, मुख्यतः बंगालमधून, जाणारी साखर घ्यावी असा प्रचार झाला, आणि पुढे १८२० च्या सुमारास, यातील साखर गुलामांनी केलेली नाही अशा अर्थाची अक्षरे कोरलेली साखरदाणी इंग्रज घरांत मिरवू लागली. शर्करा हा शब्द ज्या देशाने जगास दिला, त्याच देशाची साखर अशा रीतीने पुण्यकारक म्हणून विकली गेली. मात्र ती पिकविणाऱ्या येथील कुणब्याच्या पदरात काय पडते, याची चौकशी त्या साखरदाणीवर कोरलेली नव्हती.

आता काळाचा एक विलक्षण योग पाहा. फिलाडेल्फियात रश यांचा निबंध १९ ऑगस्ट १७९१ रोजी वाचला गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ ऑगस्टच्या रात्री, जगातील सर्वांत संपन्न साखरवसाहत जी सेंट डोमिंगो, म्हणजे आजचे हैती, तेथील गुलामांनी उठाव केला. उसाची शेते व साखरेचे कारखाने पेटले. तेरा वर्षांच्या घनघोर झगड्यानंतर, १ जानेवारी १८०४ रोजी, त्या लोकांनी आपले स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. गुलामगिरी कशाने सुटेल या प्रश्नाचा विचार विद्वत्सभेत चालू असता, ज्यांचा तो प्रश्न होता त्यांनी त्याचे उत्तर स्वतः दिले.

मेपलचा प्रयोग मात्र लवकरच ढेपाळला. त्याची कारणे निसर्गातच होती. ऊस वर्ष-दीड वर्षात तयार होतो. मेपलचे झाड रस काढण्याजोगे व्हावयास तीस-चाळीस वर्षे लागतात. हंगाम अल्प, हवामान लहरी, सरपणाचा खर्च भारी, आणि अरण्यातून शहरापर्यंत नीट रस्ते नाहीत. ड्रिंकर व त्यांच्या स्नेह्यांनी या उद्योगासाठी काढलेली मोठी शेती काही वर्षांतच सोडून द्यावी लागली. माँटिचेलोतील बहुतेक रोपे जगली नाहीत. शेतकऱ्याच्या घरी मात्र मेपलची साखर होतच राहिली, व तिच्याशी जडलेली नीतीची भावनाही टिकून राहिली. रॉबर्ट टॉमस यांच्या १८०३ च्या शेतकऱ्यांच्या पंचांगात, आपली साखर आपण करा, दुःखितांच्या कष्टांवर मेजवान्या झोडू नका, अशा आशयाचा उपदेश आढळतो. उसाच्या साखरेचा खप त्याने घटला नाही.

इकडे याच १७९१ साली अमेरिकेत दुसऱ्या एका पेयाचा प्रश्न पेटत होता. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांनी आपल्या बेटांची बंदरे अमेरिकन जहाजांस बंद केली. मळी महाग झाली व रमची जागा धान्याची दारू, म्हणजे व्हिस्की, घेऊ लागली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यास तर ती गरजच होती. डोंगर ओलांडून धान्य नेतो म्हटले तर एका घोड्यावर राय धान्याचे चार बुशेल जात. तेच धान्य भट्टीत घालून दारू केली तर चोवीस बुशेलांचे मोल त्याच घोड्यावर मावे. तेथे व्हिस्की हेच नाणे होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये तिच्यावर कर बसविला, तेव्हा शेतकरी खवळले, आणि १७९४ मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांस सुमारे तेरा हजार शिपायांसह त्यांच्यावर चालून जावे लागले. हा कर १८०२ मध्ये जेफरसन यांच्या कारकिर्दीत रद्द झाला. मौजेची गोष्ट ही की, कर वसूल करणारे वॉशिंग्टन निवृत्त झाल्यावर स्वतःच भट्टीचे मालक झाले. माउंट व्हर्नन येथील त्यांच्या भट्टीतून १७९९ मध्ये सुमारे अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली, आणि त्या भट्टीवर राबणारे हात गुलामांचेच होते. रश यांनी तर १७८४ मध्येच तीव्र मद्यांच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहून लोकांस सावध केले होते. त्यांच्या मनात मेपल व मद्य हे दोन परस्परविरुद्ध पक्ष होते. एक मुक्तीचा, दुसरा बंधनाचा.

हे दोन पक्ष एका पेल्यात कसे आले, हे समजण्यास मिश्र पेयांचा वंश थोडा मागे शोधावा लागतो, आणि तो शोध आपल्याच किनाऱ्यावर येऊन ठेपतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांस येथे माडाचा अरक मिळे. गोव्याच्या अरकाची तर ख्यातीच होती. तो नुसता घेववेना म्हणून त्यात साखर, लिंबू, पाणी व मसाला मिळवून जे पेय झाले त्यास पंच म्हणू लागले. पाच जिनसांवरून हे नाव पडले असे सामान्यतः मानितात. कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात हे नाव आले आहे, आणि १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही या पेयाचा उल्लेख केला आहे. पंच हे मोठ्या कटोऱ्यात करून मंडळींनी वाटून घ्यावयाचे पेय होते. पुढे एकेकट्याच्या पेल्यापुरते दारू, साखर व पाणी मिळवू लागले, व शेवटी त्यात कडू अर्काचे थेंब पडले. हा कडू अर्क मुळात औषध होय. लंडनच्या स्टाउटन नामक औषधविक्याने १७१२ मध्ये अशा अर्काची सनद मिळविली होती, आणि आपल्याकडे आसवारिष्टे जशी पोटाच्या तक्रारीवर घेतात तसाच तो घेतला जाई. कडू औषध गोड करून दारूतून घ्यावे, ही वैद्यकातील युक्ती हळूहळू शौकाच्या पेल्यात जाऊन बसली.

या मिश्रणास कॉकटेल म्हणतात. त्याची पहिली सुस्पष्ट व्याख्या न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावाहून निघणाऱ्या एका पत्राच्या १३ मे १८०६ च्या अंकात सापडते. एका वाचकाने या शब्दाचा अर्थ विचारला असता संपादकाने उत्तर दिले की, कोणतीही दारू, साखर, पाणी व कडू अर्क यांचे ते मिश्रण होय. आणि सोबत निवडणुकीच्या उमेदवारांस ते फार उपयोगी पडते असा टोमणाही मारला. या चारांपैकी कडू अर्काचा पुढील इतिहास पुन्हा त्याच इतिहासात शिरतो. न्यू ऑर्लिन्स येथे आंत्वान पेशो नावाच्या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जो अर्क प्रसिद्धीस आणला, त्याच्या घराण्याचा संबंध सेंट डोमिंगोशी सांगितला जातो. त्या बेटावरील क्रांतीतून पळालेली हजारो माणसे न्यू ऑर्लिन्सला येऊन राहिली होती. दुसरा विख्यात अर्क डॉक्टर सीगर्ट या जर्मन शल्यवैद्याने व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी १८२४ मध्ये तयार केला. तो बोलिव्हारच्या सैन्यात वैद्य होता. म्हणजे पेल्यातील कडूपणाही स्वातंत्र्ययुद्धांच्या वाटेनेच आला.

बर्फाचीही एक हकीगत आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधील तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात झाकून, जहाजांनी उष्ण देशांस विकण्याचा उद्योग १८०६ मध्ये आरंभिला. त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८३३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले, व लवकरच मुंबई आणि मद्रास येथेही त्याच्या बर्फाची घरे झाली. ज्या देशातून पंच अमेरिकेस गेला त्या देशात अमेरिकेच्या तळ्यातील बर्फ येऊ लागला, असा हा फेरा पुरा झाला.

१८६२ मध्ये न्यूयॉर्क येथे जेरी टॉमस याने मिश्र पेयांचे पाठ एकत्र करून पुस्तक छापले. अमेरिकेत अशा विषयावरचे ते पहिले पुस्तक समजतात. त्यातील व्हिस्की कॉकटेलच्या पाठात डिंक घालून केलेल्या साखरेच्या पाकाचे तीन-चार शिंतोडे, कडू अर्काचे दोन शिंतोडे, वाइनचा एक पेलाभर व्हिस्की व लिंबाची साल सांगितली आहे. साखरेऐवजी पाक का, तर साखर दारूत सहज विरघळत नाही. पाक चटकन मिसळतो. हे पुस्तक निघाले तेव्हा यादवी युद्ध चालू होते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात लिंकन यांनी गुलामांच्या मुक्ततेचा प्राथमिक जाहीरनामा काढला. लुइझियानातील ऊसमळे तोवर गुलामांच्या श्रमावरच चालत आले होते, आणि क्यूबात तर ती स्थिती १८८६ पर्यंत टिकली. टॉमसच्या पाकातील साखर कोणत्या मळ्यातून आली, हे विचारण्याची पुस्तकास गरज वाटली नव्हती. पुढे या पेयात नाना लिकरांची भर पडू लागली, तेव्हा जुने साधे मिश्रण मागणारे गिऱ्हाईक जुन्या पद्धतीचे द्या असे म्हणू लागले; शिकागोच्या वृत्तपत्रात १८८० मध्ये तशा उल्लेखाची नोंद आहे, व त्यावरून ओल्ड फॅशन्ड हे नाव रूढ झाले.

दक्षिणेकडील टेनेसी प्रांतात मात्र मेपल आणि व्हिस्की यांची गाठ आधीच निराळ्या रीतीने पडली होती. तेथे साखरेच्या मेपलचे लाकूड जाळून त्याचा कोळसा करितात व नवी व्हिस्की त्या कोळशाच्या जाड थरातून थेंबथेंब झिरपू देतात. त्याने तिचा उग्रपणा कमी होतो. त्या प्रांतात जॅक डॅनियल या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या भट्टीवाल्यास ही कला शिकविणारा पुरुष निअरेस्ट ग्रीन हा जन्माने गुलाम होता. मुक्ततेनंतर तो त्या भट्टीचा मुख्य कारागीर झाला. बाटलीवर नाव शिष्याचे राहिले. गुरूचे नाव त्या कंपनीने जाहीरपणे पुढे आणावयास २०१६ साल उजाडावे लागले.

मेपलचा पाक पेल्यात शिरला तो यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तो शिरण्याचे कारण त्याचा पराभव हेच होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाची व बीटाची साखर इतकी स्वस्त झाली की साखर म्हणून मेपलला कोणी विचारीना. तेव्हा त्याच्या ढेपा होण्याऐवजी पाकच विकला जाऊ लागला, आणि गरिबाची बेगमी ही श्रीमंताची चैन झाली. आज जगातील या पाकापैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या क्वेबेक प्रांतात होतो. तेथील उत्पादक संघाने भाव स्थिर राखण्यासाठी पाकाची मोठी कोठारे ठेविली आहेत, आणि २०११-१२ मध्ये त्यांतून सुमारे तीन हजार टन पाक चोरीस गेला, यावरून त्याचे मोल ध्यानात येईल. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेतील पेये बनविण्याची कला खालावली होती; एकविसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या पाठांचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा साध्या साखरेच्या जागी मेपलचा पाक घालून पाहणारे पुष्कळ निघाले.

हा संयोग चवीच्या दृष्टीने अकारण नाही. व्हिस्की आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरते, व त्या लाकडातून तिला व्हॅनिलासारखा गंध आणि जळक्या साखरेची छटा येते. मेपलच्या पाकातही त्याच जातीची द्रव्ये असतात. म्हणून दोहोंचा स्वर जुळतो. राय व्हिस्कीचा तिखटपणा या गोडीस तोलून धरतो. मक्याची बर्बन मुळातच मऊ, म्हणून तीत पाक कमी घालावा लागतो. संत्र्याच्या सालीतील तेल, दालचिनी, लवंग किंवा आले यांचा वास त्यास साजतो. लिंबाचा रस घातला तर ते पेय आंबट जातीचे होते. पाक चमचाभराहून जास्त झाला की मात्र बाकी सर्व चवी बुडून जातात.

तेव्हा रश यांच्या हिशेबाचे काय झाले? मेपलने उसाला हटविले नाही. आणि जो रस मद्यापासून दूर राहावा असे त्यांस वाटत होते तोच मद्याचा सोबती झाला. गुलामगिरी गेली ती सेंट डोमिंगोच्या उठावाने, ब्रिटिश पार्लमेंटच्या १८३३ च्या कायद्याने, चार वर्षांच्या यादवी युद्धाने आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने. परंतु म्हणून साखर सोडणाऱ्या त्या तीन लाख माणसांचे करणे व्यर्थ होते असे आम्हांस वाटत नाही. आपल्या ताटातील वस्तू कोणाच्या श्रमातून आली, हा प्रश्न त्यांनी घरातील जेवणाच्या मेजावर आणून ठेविला, आणि ज्यांनी पुढे कायद्यासाठी सह्या गोळा केल्या त्यांपैकी पुष्कळांनी तो प्रश्न प्रथम तेथेच ऐकला. चूक होती ती एवढीच की, वस्तू बदलली म्हणजे काम संपले असे काहींनी मानले. वस्तू बदलणे हा आरंभ असू शकतो; कायदा बदलल्यावाचून, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती बळ आल्यावाचून, त्याचा शेवट होत नाही. माँटिचेलोच्या मळ्यातील मेपलची रोपे सुकून गेली तेव्हा त्यांस पाणी घालणारी माणसे गुलामच होती, आणि त्यानंतरही सत्तर वर्षे त्या देशातील त्यांची मुले-नातवंडे गुलामच राहिली.